स्कोपची तिसरी पिन

गेल्या महिन्यात नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा दुरुस्ती कार्यशाळेत जाणे झाले. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधल्या पंपांचे व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे) तिथे दुरुस्तीला येतात आणि पावसाळा सुरू झाला की ओल शिरून बिघडलेल्या ड्राइव्हची रांगच लागते. टेबलावर चार चॅनेलचा उत्तम ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारा स्कोप, होता. त्याच्या प्लगची वरची जाड, अर्थिंगची पिन मात्र मुळापासून कापलेली होती आणि कापलेल्या जागी पितळ अजून चकाकत होते. काम करणाऱ्या मुलाला मी कारण विचारले. तो म्हणाला, "सर, पिन होती तेव्हा काळी क्लिप लावली की ठिणगी पडायची. दोन ड्राइव्ह त्यातच गेले. पिन कापल्यापासून एकदाही ठिणगी पडलेली नाही."

त्याने पाहिले ते अगदी खरे होते. म्हणूनच मला भीती वाटली, कारण जी गोष्ट डोळ्यांदेखत उपयोगी पडते ती सोडायला कोणी सहज तयार होत नाही. तेव्हा त्याला जे सांगितले ते इथे सविस्तर लिहितो आहे.

प्रोबची, म्हणजे स्कोपच्या मोजायच्या वायरची, काळी मगर क्लिप ही मल्टिमीटरच्या काळ्या वायरसारखी कुठेही लावण्याची वस्तू नव्हे. ती बीएनसी कनेक्टरच्या (प्रोब स्कोपला जिथे जोडतात त्या गोल सॉकेटच्या) बाहेरच्या कड्याला, ते कडे स्कोपच्या चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) आणि चेसिस प्लगच्या तिसऱ्या पिनमधून थेट इमारतीच्या अर्थिंगला जोडलेले असते. चारही चॅनेलच्या क्लिपा आतून एकच असतात. म्हणजे क्लिप ज्या बिंदूला लावाल तो बिंदू तुम्ही जमिनीला जोडला, असाच त्याचा अर्थ होतो.

आता २३० व्होल्टवर चालणाऱ्या साध्या एसएमपीएसचा (स्विचिंग पॉवर सप्लायचा) ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा डायोडचा संच, डोळ्यांसमोर आणा. त्याच्या ऋण टोकाला आपण सवयीने 'ग्राउंड' म्हणतो आणि सर्किटच्या नकाशावर तसे चिन्हही काढलेले असते. परंतु दर २० मिलिसेकंदांच्या आवर्तनात, फेज ऋण असतो त्या अर्ध्या भागात हे टोक एका डायोडमधून फेजलाच जोडले जाते आणि जमिनीच्या तुलनेत उणे ३२५ व्होल्टपर्यंत खाली जाते. तिथे क्लिप लावली की अर्थिंग, क्लिप, डायोड आणि फेज असा सरळ शॉर्ट तयार होतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका इंडक्शन शेगडीवर मी स्वतः हेच केले होते. आवाज झाला, एमसीबी पडला, आणि क्लिपचे दात जिथे टेकले होते तिथे दोन दात वितळून नाहीसे झालेले होते. त्या जागी उरलेला तांबूस-काळा थेंब मला अजूनही लख्ख आठवतो. तीन फेजच्या ड्राइव्हमध्ये तर ४१५ व्होल्टपासून सुमारे ५८५ व्होल्टचा डीसी बस (आतली डीसीची मुख्य वाहिनी) तयार होतो, तेव्हा तिथले नुकसान त्याहून मोठे.

पिन कापल्यावर ठिणगी थांबते, कारण शॉर्टचा मार्ग तुटतो. व्होल्टेज मात्र कुठेही जात नाही. ते क्लिपमधून स्कोपच्या अंगावर येऊन बसते. बीएनसीची कडी, मोकळ्या लोंबणाऱ्या इतर तीन चॅनेलच्या क्लिपा, यूएसबी सॉकेटचे पत्रे, मागचे स्क्रू, हे सगळे त्या ड्राइव्हच्या जिवंत बिंदूइतकेच धोकादायक होतात, आणि एरवी आपण ज्या उपकरणाला बिनधास्त हात लावतो तेच हे उपकरण असते. पावसाळ्यात ओलसर फरशीवर उभे राहून एका हाताने नॉब फिरवताना दुसरा हात कडीला लागला, तर प्रवाहाला जमिनीपर्यंतचा मार्ग माणसाच्या शरीरातूनच मिळतो.

क्लिप कुठेही लावलेली नसतानाही असा स्कोप निर्धोक नसतो. त्याच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून चेसिसकडे लहान फिल्टर कपॅसिटर जोडलेले असतात. तिसरी पिन नसली की त्यांच्यामुळे चेसिस अधांतरी, साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. त्या दिवशी मी मल्टिमीटरचे एक टोक बीएनसीच्या कडीला आणि दुसरे अर्थिंग केलेल्या लोखंडी रॅकला लावून दाखवले. आकडा १०५ व्होल्टच्या आसपास स्थिरावला. एवढ्याने जीव जात नाही, कारण त्या कपॅसिटरमधून येणारा प्रवाह फारच थोडा असतो. पण आकडा पाहून त्या मुलाने टेबलावरचा हात मागे घेतला.

शिवाय अशा मापनावर विश्वासही ठेवता येत नाही. स्कोपच्या धातूच्या अंगाची जमिनीशी असलेली कपॅसिटन्स शंभर पिकोफॅरडच्या घरात असते. ड्राइव्हमधल्या वरच्या आयजीबीटीच्या (वीज जलद चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) एमिटर टोकाला क्लिप लावली आणि तो बिंदू १०० नॅनोसेकंदांत ६०० व्होल्ट उसळला, तर त्या कपॅसिटन्समधून क्षणभर ०.६ अँपिअर वाहतो. मग पडद्यावर जी थरथर दिसते ती ड्राइव्हची की आपणच जोडलेल्या त्या ओझ्याची, हे सांगणार कोण?

करायचे ते असे की, स्कोप जमिनीला जोडलेलाच ठेवायचा आणि वेगळे करायचे ते दुरुस्तीला आलेले उपकरण. लहान उपकरणासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन वेगळ्या गुंडाळ्यांनी उपकरण मेन्सपासून अलग करणारा) योग्य आहे, मात्र त्यावर उपकरण लावायचे, स्कोप नव्हे. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नाही, कारण त्यात एकच गुंडाळी असते. सिरीज बल्ब प्रवाह आवरतो, पण तोही वेगळेपणा देत नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच अनुभवी लोकांच्याही ध्यानात येत नाही: आयसोलेट केलेल्या उपकरणाला स्कोपची क्लिप लावताच तो बिंदू पुन्हा जमिनीला बांधला जातो. त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही जिवंत बिंदूला हात लागला तर झटका बसतो, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) तो ओळखत नाही, कारण प्रवाहाचे वर्तुळ ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूलाच पूर्ण होते आणि प्राथमिक बाजूला फेज-न्यूट्रलचा हिशेब बरोबरच राहतो.

ड्राइव्हसारख्या तीन फेजच्या कामाला माझे मत स्पष्ट आहे: पुरेशा व्होल्टेजचा डिफरन्शियल प्रोब (कुठलाही बिंदू जमिनीला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) घ्यावा. तो महाग आहे, पण जळालेल्या दोन ड्राइव्हची भरपाई त्याहून फारशी कमी नसावी. तो येईपर्यंत दोन सारखे १०एक्स (व्होल्टेज दहापट कमी करून दाखवणारे) प्रोब, दोन्हींच्या क्लिपा काढून, दोन बिंदूंना लावून चॅनेल एक वजा चॅनेल दोन असे पाहता येते; मात्र प्रोबवर छापलेली व्होल्टेजची मर्यादा आधी वाचावी. बसचे व्होल्टेज पाहायला ही रीत पुरते, आयजीबीटी चालू-बंद करणाऱ्या गेटचे १५ व्होल्ट पाहायला नाही. आठ बिटांच्या स्कोपवर ८०० व्होल्टची पूर्ण उंची २५६ पायऱ्यांत वाटली की एक पायरी ३ व्होल्टपेक्षा मोठी होते, आणि गेटची सगळी लहर पाच पायऱ्यांत उरते. इन्सुलेटेड कनेक्टर असलेला, बॅटरीवर चालणारा हातातला स्कोप हाही चांगला मार्ग आहे. साधा यूएसबी स्कोप बॅटरीवरच्या लॅपटॉपला जोडणे मात्र तसे नव्हे, कारण तिथे लॅपटॉपचे अंगच जिवंत होते.

मुलाने सगळे ऐकले आणि कपाटातून नवी कॉर्ड काढली. तिची पिन ते बीएनसीची कडी असा रोध आम्ही मोजला, तो ओहमच्या अंशात आला. कॉर्ड एक्स्टेन्शन बोर्डात लावून पुन्हा रॅकशी व्होल्टेज मोजले, तर मल्टिमीटरवर पुन्हा तेच १०५. दोन महिन्यांपूर्वी टेबल खिडकीकडे हलवले तेव्हा हा बोर्ड घरीच बनवला होता, असे मालकांनी सांगितले. बोर्ड उघडला. सॉकेट थ्री-पिनचे होते, वायर दोनच तारांची, आणि अर्थच्या स्क्रूवर कारखान्यातून आलेले प्लास्टिकचे बूच अजून तसेच होते. मुलाने बोर्डाची वायर तिथल्या तिथे पक्कडीने कापली आणि तीन तारांची केबल आणायला तो बाहेर पडला.