फरारबाई

आमच्या इतिहासाच्या बाईंनी सातवीच्या वर्गात फळ्यावर 'मिस सिंथिया फरार' हे नाव लिहिले, तेव्हा शेवटच्या बाकावरून सुरू झालेले हसू पहिल्या बाकापर्यंत यायला वेळ लागला नाही. फरार म्हणजे पळून गेलेला, पोलीस ज्याच्या मागावर आहेत असा माणूस, एवढाच अर्थ आम्हाला ठाऊक होता. बाईंनी हसणे पुरते संपू दिले, हातावरचा खडू झटकला आणि म्हणाल्या, "या फरारबाई १८२७ साली आल्या आणि १८६२ साली इथेच, आपल्या नगरात वारल्या. मधल्या काळात कोण कोण पळाले असते, ते तुम्हीच सांगा." आज शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले असता मला सर्वांत आधी तोच फळा आठवतो.

त्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी सावित्रीबाई फुले यांच्यावर बोलावे असे घरी ठरले होते. बाईंनी मात्र विषय बदलून फरारबाईंचा दिला. भाषणासाठी जमवलेली आणि पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर वाचनातून भर पडत गेलेली माहिती अशी आहे. सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या मार्लबरो या गावी झाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ सालीच मुंबईत उतरले होते आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांच्या पत्नी मुलींसाठी शाळा काढण्याची खटपट करीत होत्या. परंतु बाळंतपणे, आजारपणे आणि अकाली मृत्यू यांमुळे त्या शाळांकडे सलग लक्ष देणे कोणालाच जमत नसे, आणि परक्या पुरुषाला तर घरातील बायकामुलींपर्यंत पोहोचण्याची सोयच नव्हती. त्यामुळे केवळ शिकवण्यासाठी म्हणून एका अविवाहित स्त्रीला पाठवावे, असे बोस्टनच्या मंडळाने ठरवले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ही बाई दोन मिशनरी दांपत्यांसोबत बोस्टनहून निघाली. सुएझचा कालवा होण्यास अजून चाळीसहून अधिक वर्षे अवकाश होता, त्यामुळे सारा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून झाला, आणि डिसेंबर संपता संपता त्या मुंबईला पोहोचल्या.

स्पर्धेत मी मोठ्या आवाजात त्यांना 'परदेशी गेलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी' म्हटले आणि टाळ्याही घेतल्या. पुढे कळले की बेट्सी स्टॉकटन नावाची, जन्माने गुलाम असलेली आणि नंतर मुक्त झालेली कृष्णवर्णीय शिक्षिका त्यांच्याआधी चार-पाच वर्षे हवाईला जाऊन शिकवू लागली होती; मात्र ती एका मिशनरी कुटुंबासोबत गेल्यामुळे तिचे नाव अनेकदा मोजणीतून गळते. त्या टाळ्यांपैकी निम्म्या परत कराव्यात असे मला अजूनही वाटते.

'शाळा काढली' या दोन शब्दांत जे येत नाही, तेच फरारबाईंचे खरे काम होते. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न होऊन जाई. अक्षरओळख होते न होते तोच विद्यार्थिनी सासरी. लिहिणाऱ्या मुलीवर वैधव्य ओढवते ही समजूत होती, आणि मुली बाटवतील ही भीती त्याहून मोठी होती. ती भीती अगदीच निराधार होती असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण धर्मप्रसार हाच मिशनचा हेतू होता आणि वाचन शिकवण्यामागे बायबल वाचता यावे ही अपेक्षा होती. अशा स्थितीत मराठी शिकून घेऊन, आईबापांची समजूत घालून मुली गोळा करणे आणि गळालेल्यांच्या जागी पुन्हा नव्या आणणे, हे वर्षानुवर्षे चालले. प्रकृती ढासळल्याने १८३७ साली त्या मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या तरी कोणी बोल लावला नसता. १८३९ साली मात्र त्या परतल्या आणि मुंबईऐवजी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, स्थायिक झाल्या.

जोतीराव फुले यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे त्या काळी नगरला नोकरीस होते. त्यांच्यामुळे जोतीरावांना फरारबाईंची मुलींची शाळा पाहायला मिळाली आणि तिथली शिकवण्याची पद्धत त्यांना मनापासून आवडली. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनीही नगरला फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले असे सांगितले जाते. फुल्यांनी शाळा घेतली, धर्मांतर घेतले नाही. मिशनच्या हिशेबात हे यश कोणत्या रकान्यात मांडले गेले असेल, याचे मला कुतूहल आहे.

हे सारे मला पुस्तकातून कळले असले, तरी समजले ते आमच्या ओसरीवर. सातवीची वार्षिक परीक्षा झाली आणि आईच्या बाळंतपणाचे निमित्त होऊन माझी शाळा बंद करण्याचे ठरले. आठवी सुरू होऊन आठवडा उलटला, तरी मी घरीच होते. एका शनिवारी दुपारी बाई चालत आमच्या घरी आल्या. चहा घेतला, आजीला कुरडयांच्या चिकाचे प्रमाण विचारले, बाळाचे अंगडे उलट सुलट करून टीप पाहिली. शाळेचा विषय त्यांनी काढलाच नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "सोमवारी हिची चाचणी आहे, तेवढी देऊ द्या. मग बघू."

सोमवारी तशी काही चाचणी नव्हती. पुढच्या सोमवारी मात्र होती, त्यानंतर तोंडी परीक्षा आली, मग सहामाही. प्रत्येक वेळी निरोप एकच असे, तेवढी देऊ द्या. १९७८ साली दहावीचा निकाल लागला, मी पेढे घेऊन आजीसोबत बाईंच्या घरी गेले, तेव्हा आजीने त्यांच्या हातावर पेढा ठेवत विचारले, "बाई, आता तरी संपल्या का हो तुमच्या चाचण्या?"