७६.८ टक्के

मेडिकल-सर्जिकल नर्सिंग, म्हणजे प्रौढ रुग्णांचे आजार व शस्त्रक्रिया यांतील शुश्रूषेचा विषय, त्याच्या सर्व परीक्षा मिळून माझी सरासरी ७६.८ टक्के झाली आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७८ टक्के आवश्यक होते. अमेरिकेतील नर्सिंगच्या अनेक महाविद्यालयांत ही रेषा ७५ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान कोठेतरी आखलेली असते, अपूर्णांक पुढच्या पूर्णांकात धरला जात नाही, आणि परीक्षांची सरासरी त्या रेषेपर्यंत पोहोचल्याशिवाय प्रकल्प व निबंधांचे गुण मोजण्यातच येत नाहीत. माझ्या शुश्रूषा आराखड्याला ९५ गुण होते. त्यांचा मला काहीही उपयोग झाला नाही.

मी तेव्हा सहा वर्षे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे एलपीएन होते. हा परवाना साधारण वर्षभराच्या अभ्यासक्रमानंतर एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा देऊन मिळतो. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या दोन राज्यांत त्याच परवान्याला लायसन्स्ड व्होकेशनल नर्स, म्हणजे एलव्हीएन म्हणतात. त्याच्या वरची पायरी रजिस्टर्ड नर्सची, म्हणजे आरएनची. आणि ज्यांच्याजवळ पहिला परवाना आहे त्यांना काही विषयांतून सूट देऊन दुसऱ्या पायरीवर नेणारे ‘ब्रिज’ अभ्यासक्रम असतात. मी अशाच एका अभ्यासक्रमात होते. वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला तीस जणांची औषधे मी एकटी देत असे, आणि त्याच औषधांवरच्या प्रश्नपत्रिकेत मी नापास झाले होते. घरी हे सांगायला मला चार दिवस लागले.

नापास का झाले याचे उत्तर मात्र उत्तरपत्रिका पाहण्याच्या त्या एका तासात मिळाले. पेन्सिल, कागद, फोन सगळे बाहेर ठेवून आत जायचे असते. शिक्षिकेने चुकांची यादी वाचून दाखवली नाही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नावर बोट ठेवून, मी ते उत्तर कोणत्या विचाराने निवडले एवढेच त्या विचारत गेल्या. एक प्रश्न हृदयविकाराच्या रुग्णाचा होता. त्याला डिगॉक्सिन हे हृदयाचे आणि फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध चालू आहे, मळमळते आहे, दिव्यांभोवती पिवळी वलये दिसत आहेत. परिचारिका सर्वप्रथम काय करील? फ्युरोसेमाइडने शरीरातले पोटॅशियम घटते, ते ३.५ च्या खाली गेले की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते आणि मळमळ व पिवळी वलये ही तिचीच लक्षणे, हे सारे मला ठाऊक होते. मी ‘डॉक्टरांना कळवावे’ हे उत्तर निवडले होते. डॉक्टरांना फोन लावल्यावर ते तुला पहिली गोष्ट काय विचारतील, असे शिक्षिकेने विचारले. नाडी किती आहे, हेच ते विचारणार. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजणे आणि ते साठच्या खाली असतील तर पुढचा डोस थांबवणे ही आधीची कामे होती, आणि ती माझी होती.

सहा वर्षे मी वेगळे काही दिसले की वरच्या परिचारिकेला कळवत आले होते. एलपीएनने निरीक्षणे गोळा करावीत, त्यांचा अर्थ लावून पुढचे ठरवणे आरएनने करावे, अशीच बहुतेक राज्यांत कामाची विभागणी आहे. त्यामुळे माहिती असूनही माझा हात सवयीने ‘कळवावे’ या पर्यायाकडे जात होता.

दुसरा प्रश्न मला अजून बोचतो. चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल: शस्त्रक्रियेनंतर वेदना होत असलेला, रक्तातील साखर २५० असलेला, सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट विकाराचा, रक्तातील ऑक्सिजन ९० टक्के असलेला, की नव्याने असंबद्ध बोलू लागलेली वृद्धा? मी सीओपीडीच्या रुग्णाकडे गेले. वास्तविक जुन्या सीओपीडीत ८८ ते ९२ टक्के हे बहुधा अपेक्षितच असतात, आणि अचानक आलेला गोंधळ हे मेंदूला प्राणवायू कमी पडत असल्याचे पहिले चिन्ह असू शकते. पण माझ्या नर्सिंग होममध्ये निम्म्या खोल्यांतून रात्रभर असंबद्ध बोलणे ऐकू येई, म्हणून ‘नव्याने’ हा शब्द मी वाचला आणि तो माझ्या मनात उतरलाच नाही. ज्या अनुभवाच्या जोरावर मी पुस्तकाची पाने उलटत गेले होते, तोच येथे आडवा आला.

आणि सर्वांत गमतीचा भाग म्हणजे एलपीएनला कोणते काम सोपवता येईल, या प्रकारचे तीन प्रश्नही माझे चुकले होते. नर्सिंग होममध्ये माणसे कमी असल्याने मी जे जे करीत असे ते सर्व एलपीएनला करता येते, असे मी धरून चालले होते. नव्या रुग्णाची पहिली तपासणी किंवा रक्त चढवण्याची सुरुवात पाठ्यपुस्तक आरएनकडेच ठेवते.

पुढील सहा महिने मी नवे पुस्तक विकत घेतले नाही. रोज वीस-पंचवीसच प्रश्न सोडवायचे, आणि प्रत्येक उत्तरापुढे वहीत एका वाक्यात लिहायचे की आधी पाहायचे आहे की करायचे आहे, आणि नवीन काय घडले आहे. माहिती न मिळवताच कृतीकडे धावणारी माझी उत्तरे वहीत दिसू लागली, तशी ती कमी होत गेली.

कागदपत्रांचा व्याप वेगळा. नापास झाल्याने माझ्या एलपीएनच्या परवान्याला धक्का लागला नाही, नोकरी चालू राहिली; परंतु पुन्हा प्रवेशासाठी लेखी अर्ज, जागा शिल्लक असेल तरच संधी, आणि दुसऱ्यांदा नापास झाल्यास अभ्यासक्रमातून बाहेर, अशा अटी होत्या. दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन हे लपवता येत नाही, कारण अनेक ठिकाणी आधीच्या विभागाचे पत्र मागतात. सरकारी अर्थसाहाय्य नापास झालेल्या विषयासाठी पुन्हा मिळू शकते, मात्र अभ्यासक्रमाच्या दीडपट मर्यादेत शिक्षण पूर्ण होईल एवढी प्रगती दाखवावी लागते. आर्थिक साहाय्याच्या कार्यालयात मी पहिल्याच आठवड्यात गेले, हा त्या काळातला माझा एकमेव शहाणपणा.

दुसऱ्या वेळी ८३ टक्के मिळाले. वर्षभराने एनक्लेक्स-आरएनला बसले. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात या परीक्षेत किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात, पाच तास मिळतात, आणि उमेदवार रेषेच्या वर की खाली याची संगणकाला ९५ टक्के खात्री झाली की पडदा बंद होतो. माझा ९१ व्या प्रश्नानंतर बंद झाला. प्रश्न कोणते होते हे सांगायला मनाई आहे.

तीन दिवसांनी राज्याच्या मंडळाच्या संकेतस्थळावर माझ्या नावापुढे आरएन दिसले. कामावर पद बदलायला आणखी तीन आठवडे लागणार होते, म्हणून त्या रात्री मी एलपीएनच्याच पाळीवर गेले. पगार जुनाच होता. पण मोठा परवाना हाती असताना लहान पदावर काम केले तरी जबाबदारी मोठ्या परवान्याचीच धरली जाते, असे पर्यवेक्षिकेने आधीच बजावले होते. अडीच वाजता बारा नंबरच्या आजी वेगळेच काही बोलू लागल्या. त्या संध्याकाळी कशा होत्या हे मी सहायिकेला विचारले, बोटाला ऑक्सिमीटर लावला, आणि फोन त्यानंतर उचलला.