तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या एफएमवर बातम्या का नसतात?

गाणी लावता, पीकपाण्याचं सांगता, डॉक्टरांना बोलावता, मग गावातली बातमी का देत नाही? सामुदायिक रेडिओत, म्हणजे आसपासच्या गावांसाठी एखाद्या संस्थेने चालवलेल्या छोट्या केंद्रात, काम करतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच. काही जण आवाज खाली आणून पुढचंही विचारतात, 'कुणाचा दबाव आहे का?' दबाव-बिबाव काही नाही. परवान्यातच मनाई आहे. ती कुठून आली ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

हवेतून आवाज सोडायचा हक्क आपल्याकडे कितीतरी वर्षं सरकारने स्वतःकडेच ठेवला. त्याला आधार १८८५ च्या तार कायद्याचा, म्हणजे रेडिओ येण्याच्याही आधीचा! लहान शहरांत एफएम आला तोही आकाशवाणीचाच. १९८४ मध्ये तमिळनाडूत नागरकोईलला पहिलं स्थानिक केंद्र झालं, पुढे आपल्याकडे बीड, सातारा, धुळे इथे. चांगलीच केंद्रं ती, माझा कान त्यांच्यावरच तयार झाला. पण माईक सरकारचा.

या मक्तेदारीला धक्का दिला तो क्रिकेटने. १९९३ च्या हिरो कपचे सामने कोण दाखवणार यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जुंपली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने निकाल दिला की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. एका गावाला स्वतःचा रेडिओ मिळण्याचं मूळ चेंडूफळीत असावं, याची मला अजूनही गंमत वाटते.

पण जनतेची म्हणजे कोणाची? पहिल्यांदा पैसेवाल्यांची. २००१ मध्ये बंगळूरला पहिलं खासगी एफएम सुरू झालं, तेही लिलावातून. मग शिक्षणसंस्थांना दार उघडलं आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र लागलं. सामाजिक संस्थांना परवानगी मिळायला २००६ उजाडलं. २००८ मध्ये माचनूरला, आजच्या तेलंगणात, दलित महिलांनी चालवलेला संगम रेडिओ सुरू झाला. आपल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी याच वाटेने आली.

परवानगी दिली, पण हात राखून. ताकद १०० वॉट, जुन्या काळी घरात लावायचो त्या एका बल्बाएवढी. त्यात आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो आणि मध्ये डोंगर आला तर तेवढाही नाही. निम्मे कार्यक्रम स्थानिकच हवेत. जे काही वाजवलं त्याचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचं. आणि स्वतःच्या बातम्या, चालू घडामोडी, राजकारण यांना स्पष्ट बंदी; लावायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या, जशाच्या तशा किंवा भाषांतर करून.

खासगी एफएमसाठी २०११ च्या धोरणात एक पळवाट ठेवली: वाहतूक, हवामान, परीक्षेचे निकाल, पाणी-वीज बंद असल्याच्या सूचना या बातम्या धरायच्या नाहीत. आम्हीही त्याच रेषेवरून चालतो. म्हणजे पुलावरून पाणी जातंय, पलीकडे जाऊ नका, हे मी दर अर्ध्या तासाने सांगेन. पूल गेल्याच वर्षी बांधलेला असून कठडा कसा वाहून गेला, हे माईक बंद झाल्यावर. स्टुडिओत आलेल्या पाहुण्याची गाडी कठड्याकडे वळली की मी गाणं लावतो. ऐकणाऱ्यांनाही आता हे कळतं, 'गाणं लागलं म्हणजे काहीतरी खरं निघत होतं' अशी टिंगल चालते.

मनाईमागची भीती मला अगदीच पोकळ वाटत नाही. रेडिओवरून गाव भडकवता येतं. पण त्याच गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीही, नाव न लावता, वाटेल ते फिरवतो आणि त्याला कुठला परवाना लागत नाही. इथे बोलणारा कोण, पत्ता काय, सगळं सरकारदरबारी नोंदलेलं, शब्दन् शब्द रेकॉर्ड झालेला. तरी बातमी सांगायची नाही ती आम्हीच.