बटाटा, रताळं आणि बोगनवेलीचा काटा

उपवासाच्या ताटात दोघं शेजारी असले तरी बटाटा हे खोड आणि रताळं हे मूळ. बटाट्याचा डोळा निरखून पाहा: खवल्यासारख्या पानाच्या खुणेची बारीक भुवई आणि तिच्या बगलेत कळी. म्हणून बेण्याच्या प्रत्येक फोडीला डोळा लागतोच. रताळ्यावर पेरं नाही, पानाची खूण नाही. बटाटा वांग्याच्या कुळातला, रताळं बेशरमाच्या. साठवणीचं काम तेच, पण अवयव वेगळे, हे कार्यसदृश.

उलट बोगनवेलीचा काटा आणि कृष्णकमळाचा ताणा (आधाराला गुंडाळणारा तंतू) दिसायला अगदी वेगळे, तरी दोन्ही पानाच्या बगलेतून निघतात. हे समजात, म्हणजे मूळ एकच, रूप आणि काम वेगळं. रूपावर जाल तर फसाल, जागा बघा. गुलाबाचा काटा मात्र नुसत्या सालीचा, अंगठ्याने दाबला की सहज निघतो.