आधी टायर घेतले, तिथेच चुकलं

माझ्याकडे ८४ सालची टोयोटा हायलक्स पिकअप आहे. पुढेमागे दोन्हीकडे सलग एक्सल (डाव्या-उजव्या चाकांमधे एकच अखंड दांडा), चारही कोपऱ्यांत पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग, २२आर इंजिन, कार्ब्युरेटरवालं. अमेरिकेच्या मॉडेलला ८६ पासून पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं, त्यामुळे दगडधोंड्यात फिरणारे लोक त्याच्या आधीची गाडी मिळाली की सोडत नाहीत, मीही त्यातलाच. गाडी कंपनीतून निघाली तशीच होती, २२५/७५ आर १५ चे टायर, म्हणजे साधारण २८.३ इंच उंची, आणि दर ट्रीपला डिफरन्शियलचा (थोडक्यात डिफ, इंजिनचा जोर एक्सलच्या दोन्ही चाकांना वाटणारा) गोळा कुठल्यातरी दगडाला आपटायचा. हाऊसिंगच्या, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचाच्या, खालच्या बाजूला पोचेच पोचे.

बरेच जण इथे पाटे उंच करतात. मीपण तेच करणार होतो, पण एक गोष्ट डोक्यात बसायला मला वेळ लागला, की पाटे उंच केले तर बॉडी वर जाते, डिफ जिथे आहे तिथेच राहतो. डिफ फक्त टायरने वर जातो, आणि तोही टायर जेवढा वाढला त्याच्या निम्माच. २८.३ वरून ३३ म्हणजे पावणेपाच इंच वाढ, डिफ वर गेला सव्वादोन इंचांहून जरा जास्त. एवढंच. पण दगडात सव्वादोन इंच म्हणजे चिक्कार.

तर मी काय केलं, एक सेट चांगला मिळतोय म्हणून टायर आधी उचलले, ३३ बाय १०.५ चे. १२.५ रुंदीचे जास्त भारी दिसतात हे मान्य, पण रुंद टायर पाट्याला घासतो, स्टिअरिंग जड करतो आणि चिखलात खाली टणक जमिनीपर्यंत पोचण्याऐवजी वरच तरंगतो. माझं मत अरुंदच. असो. टायर चढवले, गाडी बाहेर काढली आणि अर्ध्या तासात कळलं की पाचवा गिअर आता शोभेचा झालाय. चढावर चौथाही ओढेना, थेट तिसरा. स्पीडोमीटर ६० दाखवायचा तेव्हा गाडी खरी ७० च्या जवळ असायची, कारण स्पीडोची केबल ट्रान्सफर केसमधून येते (गिअरबॉक्समागची पेटी, जी जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटते), त्या बिचाऱ्याला टायर मोठा झालाय हे माहीतच नाही. आणि ब्रेक! जड चाक थांबवायला पाय दाबून धरावा लागत होता.

मग कागद घेऊन बसलो. डिफमधलं जुनं गिअर ४.१० (प्रोपेलर शाफ्टचे ४.१ फेरे म्हणजे चाकाचा एक), त्याला ३३ भागिले २८.३ ने गुणलं की ४.७८ येतं. म्हणजे कंपनीसारखी ओढ परत हवी असेल तर त्याच्या आसपासचं गिअर पाहिजे. माझ्यापुढे पर्याय होते ४.८८ आणि ५.२९. दगडात रांगायला ५.२९ चा मोह झाला, कारण माझ्या ट्रान्सफर केसचा लो, म्हणजे सावकाश चालायचा गिअर, फक्त २.२८ आहे, पण ५.२९ म्हणजे क्राऊनला (मोठं चक्र) ३७ आणि पिनियनला (त्याला फिरवणारं छोटं) ७ दात, पिनियनचं डोकं अजून बारीक. ४.८८ ला ३९ आणि ८. मी ४.८८ घेतलं. आणि पुढेमागे दोन्ही बदलायलाच लागतात, फोर व्हील टाकल्यावर दोन्ही एक्सल एकाच वेगाने फिरले पाहिजेत, नाहीतर ट्रान्सफर केसचं वाटोळं.

आता एवढं उघडणारच तर डिफमधे लॉकर आत्ताच टाका, हे ओघानेच आलं. साधा डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, गोची तिथेच आहे. एक चाक हवेत गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे काहीच नाही. लॉकर दोन्ही शाफ्ट एकत्र बांधतो. मागे मी आपोआप लागणारा घेतला, जो मूळ कॅरिअरमधले (क्राऊन ज्यावर बसतो ती चौकट) छोटे स्पायडर गिअर काढून त्यांच्या जागी बसतो. पुढे मात्र हवेवर चालणारा, बटणाचा, कारण पुढचा डिफ कायम लॉक राहिला तर स्टिअरिंग वळता वळत नाही.

काम मागून सुरू केलं. ब्रेकचे पाइप सोडले, बॅकिंग प्लेटमागचे चार चार नट, दोन्ही शाफ्ट बाहेर, प्रोपेलर शाफ्ट खाली, मग हाऊसिंगचे दहा नट काढून अख्खा गोळा पुढे ओढायचा. हा गोळा तीस किलोच्या वर जातो आणि पोटावर घेऊन झोपून काढायची गोष्ट नाही हे मला माझ्या पोटानेच सांगितलं. पुढच्या वेळी जॅक लावला.

क्राऊन आणि पिनियन बसवणं हे या सगळ्यातलं खरं काम. बाकी सगळं पाना फिरवणं आहे. पिनियनच्या डोक्याखाली, आतल्या बेअरिंगच्या मागे, शिम, म्हणजे माप जमवायची पातळ चकती, असते. शिम जाड तर पिनियन क्राऊनच्या जवळ जातो, पातळ तर लांब. दर वेळी बेअरिंग प्रेसने काढा, शिम बदला, परत दाबा, असं चार वेळा केलं की बेअरिंग भंगारात. यावर एका जुन्या मेकॅनिक काकांनी युक्ती दिली, की जुन्या बेअरिंगची आतली रिंग आतून घासून मोठी कर, म्हणजे ती हाताने बसते हाताने निघते, माप जमलं की मगच नवीन दाब. या एका गोष्टीने माझे दोन दिवस वाचले असतील.

पहिल्यांदा सगळं बसवलं, दातांना पिवळं मार्किंग कंपाऊंड लावलं, एका हाताने क्राऊनला फडकं दाबून अडवून पिनियन फिरवला. ठसा दाताच्या पार टोकाला उमटला, चकचकीत बारीक पट्टी, दोन्ही बाजूंना तसाच. म्हणजे पिनियन लांब राहिलाय. जाड शिम टाकली तर ठसा मुळाशी गेला. अती झालं. मग मधली. तिसऱ्या वेळी ठसा दाताच्या मधोमध आला, लांबट, कडा जरा पुसट, आणि मी तो फोटो काढून काकांना पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, "आता हात लावू नकोस." बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी जागा, डायल गेजवर ०.१५ मिमी ठेवला, ०.१३ ते ०.१८ च्या मधे पाहिजे, आणि क्राऊनवर एकाच जागी नाही तर तीनचार जागी मोजायचा, एका जागेचं माप फसवतं.

इतकं सगळं जमल्यावर माती खाल्ली ती क्रश स्लीव्हवर. ही पिनियनच्या दोन बेअरिंगमधली पातळ नळी, नट आवळत गेलं की ती चेपते आणि बेअरिंगला हवा तेवढा ताण येतो. चेपायला भयानक जोर लागतो, मीटरभर पाइप पान्यावर चढवून मी लटकत होतो, काही होत नाही, काही होत नाही, आणि एकदा चेपायला लागली की एक टिचभर नट फिरला तरी ताण दुप्पट. मला वाटलं अजून थोडंसं. ते थोडंसं जास्त झालं. आता नट सैल करून चालत नाही, नळी चेपली ती चेपली, नवीनच टाकावी लागते. नवीन येईपर्यंत चार दिवस गाडी स्टँडवर. पुढच्या डिफला मी सरळ घट्ट स्पेसर आणि शिम वापरले, वेळ जास्त लागला पण झोप लागली.

मागचं बसलं तेव्हा पुढचा सेट यायचा होता. म्हणजे मागे ४.८८, पुढे ४.१०. सवयीने फोर व्हील लागेल या भीतीने मी ट्रान्सफर केसच्या दांडीला लाल फडकं बांधून ठेवलं होतं, तीन आठवडे ते तसंच होतं, बसणारा प्रत्येक जण विचारायचा हे काय. त्या काळात नवीन गिअर रुळवून घेतलं, वीसेक किलोमीटर सावकाश चालवायचं, थांबून पूर्ण गार होऊ द्यायचं, परत. पहिल्या फेरीनंतर हाऊसिंगला हात लावला तर गरम होतं पण हात ठेवता येत होता. ८०० किलोमीटरला ऑइल बदललं, त्यात चंदेरी चकाकी होती, ती असतेच, तुकडे नव्हते.

मागच्या लॉकरची सवय व्हायला जरा वेळ लागतो. यू टर्न घेताना मागून टक टक टक असा आवाज, आणि वळणातच अॅक्सिलरेटर दिला तर धाड्कन लॉक होऊन मागचा भाग जरा सरकतो. मित्र पहिल्यांदा बसला तेव्हा म्हणाला, "अरे थांबव, काहीतरी तुटलं." काही तुटलं नव्हतं. आता मी वळणात पाय हलका ठेवतो, बास.

पुढचा एक्सल म्हणजे वेगळंच प्रकरण. डिफ काढायचा तर शाफ्ट काढायचे, शाफ्ट काढायचे तर दोन्हीकडचे नकल, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे, उघडायचे. इथे स्टडवर कोन वॉशर असतात, नट काढला तरी आर्म हलत नाही, पितळी दांडा लावून हातोडीने ठोकत राहायचं, एकदम टिंग करून वॉशर उडतो आणि कुठेतरी कोपऱ्यात गायब. हबच्या आतल्या नटाला ५४ मिमीचा सॉकेट लागतो, छिन्नीने ठोकून काढलेले नट मी पाहिलेत, माझ्या गाडीचेच होते, आधीच्या कुणाची तरी कृपा.

डाव्या बाजूचा नकल उघडला आणि आतून ग्रीस नाही, राखाडी सूप बाहेर आलं. एक्सलचं आतलं सील गेलेलं, डिफचं ऑइल नकलच्या गोळ्यात येऊन ग्रीसमधे मिसळलेलं. कधीपासून तसंच चाललं असेल देव जाणे. दोन्हीकडे सगळी सील, ट्रनियन बेअरिंग (ज्यावर नकल वळतो) नवीन टाकली. वरच्या आणि खालच्या शिम वेगवेगळ्या पिशव्यांत, डावी-उजवी लिहून ठेवायच्या, त्या अदलाबदल झाल्या तर नकल मध्यावर बसत नाही. स्टिअरिंग आर्मच्या टोकाला ताणकाटा लावून ओढून बघायचं, किती जोरात हलतोय.

पुढच्या, हवेवर चालणाऱ्या लॉकरसाठी डिफच्या केसिंगला भोक पाडून आटे पाडावे लागतात, त्यातून तांब्याची नळी आत जाते. मी चांगलं बसवलं असं मला वाटलं. बटण दाबलं, लाइट लागला, खट्ट आवाज आला, आनंद. पण कॉम्प्रेसर दर मिनिटाला परत सुरू व्हायचा, आणि बटण बंद केलं की सोलेनॉइडच्या, म्हणजे हवा सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या, तोंडातून हवेबरोबर ऑइलचे थेंब. सील हाऊसिंगमधल्या दोन ओ रिंगपैकी एक मी बसवताना कडेवर कापली होती, नखाएवढी चीर. त्या चिरेसाठी सगळं परत खाली. दुसऱ्यांदा रिंगला ऑइल लावून, हळू फिरवत बसवली. तेव्हाच दोन्ही डिफच्या ब्रीदरना, म्हणजे हवा आतबाहेर जायच्या भोकांना, नळ्या लावून वर इंजिन खोलीत नेल्या, तापलेला डिफ पाण्यात शिरला की गार होऊन आत ओढतो, आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणीच ओढतो.

सगळं झाल्यावर स्पीडो तपासला, ६० ला खरे ५८-५९. न सांगता दुरुस्त झालं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मागच्या बाजूने फेंडरच्या कोपऱ्याला लागत होता, तिथला पत्रा कापून कड आत ठोकली.

पहिली खरी परीक्षा एका तिरक्या चरात झाली, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत. आधीची गाडी तिथे नुसती चाकं फिरवत उभी राहिली असती. टायरमधे हवा १५ पीएसआय, लो फर्स्ट, पुढचं बटण दाबलं आणि क्लच सोडला, अॅक्सिलरेटरला पायही लावला नाही, गाडी चालत बाहेर आली. कसला आवाज नाही, धूळ नाही. मित्र बाहेर उभा राहून व्हिडिओ काढत होता, म्हणाला, "एवढंच?" व्हिडिओत खरंच काही दिसत नाही.

मग अर्थातच मी शेफारलो. तासाभराने एका दगडावर, पुढचा लॉकर चालू, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे आणि पाय दाबला. फांदी मोडावी तसा आवाज. उजवीकडचं बर्फील्ड गेलं, म्हणजे वळलेल्या चाकालाही जोर पोचवणारा शाफ्टच्या टोकाचा जॉइंट. चाक पूर्ण वळलेलं असताना तो जॉइंट सगळ्यात कमजोर असतो, हे वाचलेलं होतं, पाठ होतं, तरी. आधी साध्या डिफमधे एक चाक फिरून जोर निघून जायचा, आता जोर जाणार कुठे. दोन्ही हब फ्री केले, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सोडवली, आणि मागच्या लॉकरच्या जिवावर सावकाश बाहेर आलो, वळताना आत तुकडे करकरत होते. घरी उघडलं तर वाटीला आरपार तडा, बॉल पिंजऱ्यातून निसटलेले, नवीन ग्रीसमधे लोखंडाचा चुरा. नुकताच केलेला नकल परत पहिल्यापासून. या वेळी दोन्ही बाजूंना ४३४० क्रोमोलीचे, म्हणजे जास्त मजबूत पोलादाचे, जॉइंट टाकले, उरलेला एक जुना चांगला होता तो सुटा म्हणून गाडीत असतो, आणि पुढचा लॉकर चालू असेल तेव्हा स्टिअरिंग जरा सरळ केल्याशिवाय पाय दाबत नाही.

आता राहिलंय एकच. ३३ चा सुटा टायर बेडखालच्या जुन्या जागेत मावत नाही. सध्या तो मागे बेडमधे आडवा पडलाय, पट्ट्याने बांधलेला, आणि सामान ठेवायचं तर आधी त्याला उचलून उभा करावा लागतो. त्याच्यासाठी मागे झुलता स्टँड करायचाय, पाइप आणून ठेवलेत.