काट्यावर वजनच यायलं नाही

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या मानवतजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमधला भुईकाट्याचा पीसी माझ्याकडं मेंटेनन्सला, उबुंटू २२.०४ (लिनक्स) टाकून दिलेला. काट्याचा इंडिकेटर, म्हणजे आकडा दाखवणारा डबा, सिरीयल पोर्टवरून वजन पाठवतो, पण पीसीला तो पोर्टच नाही म्हणून वेगळं कार्ड लावलंय, अन् त्याचा ड्रायव्हर कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत, येत नाही, सीडीतल्या सोर्सवरून मीच २०२२ ला कंपाईल करून, म्हणजे बांधून, बसवलेला.

आदल्या रात्री मी शहाणपणा केला. दोन वर्षं बंद ठेवलेलं अपडेट मारलं, रिस्टार्ट केलं, डेस्कटॉप आला, डिस्क भरत आली होती म्हणून जुनं ५.१५ कर्नल पुसलं अन् घरी. काटा बघितलाच नाही.

सकाळी सातला मुनीमजींचा फोन, "अहो, स्क्रीनवर वजनच यायलं नाही." गेलो तर कापसाच्या गाड्या पार रोडपर्यंत. इंडिकेटरवर आकडा दिसतोय, मुनीमजी हातानं पावती लिहायला तयार, पण शेतकरी म्हणतात कॉम्प्युटरचीच द्या. बरोबरच आहे की, क्विंटलला ७५२१ हमीभाव धरला तरी वीस किलो इकडंतिकडं म्हणजे दीड हजार गेले.

नवीन कर्नल ६.८. ड्रायव्हरची जुनी केओ फाईल (आधी बांधलेलं मॉड्यूल) टाकून बघितली, "इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट", ते होणारच होतं, मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलं त्याच्यातच बसतं. मग मोबाईलचं नेट यूएसबीनं जोडून नव्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाईली) उतरवले, मेक मारून ड्रायव्हर बांधायला घेतला, तर कंपायलर म्हणतो हा ऑप्शन ओळखीचा नाही. कर्नल जीसीसी ह्या कंपायलरच्या १२ नं बांधलेलं अन् मशीनवर ११! १२ टाकलं तर आता सोर्सच अडला, कारण ६.१ पासून सेट-टर्मिऑस ह्या पोर्टची सेटिंग बदलायच्या फंक्शनमधलं जुन्या सेटिंगचं पॉईंटर कॉन्स्ट (नुसतं वाचायचं) झालंय, आणि एसटीआरएलसीपीवाय हे मजकूर कॉपी करायचं फंक्शन तर ६.८ मधून काढूनच टाकलंय. कॉन्स्ट एका जागी लिहिलं. दुसऱ्याच्या जागी एसटीआरएससीपीवाय, पण त्याची रिटर्न व्हॅल्यू वेगळी असते, म्हणून कुठं वापरलीय का ते सगळ्या फाईलीत शोधलं. नव्हती, नशीब. मागं एक आजोबा उभे, दर पाच मिनिटाला "झालं का वो?"

मेक इन्स्टॉल, डेपमॉड, मॉडप्रोब करून ड्रायव्हर बसवला अन् चालू केला. पोर्ट दिसला, पण स्क्रीनवर नुसता कचरा, बॉड रेट, म्हणजे पोर्टचा वेग, ९६०० वर गेला होता, इंडिकेटरचा २४००. तो बदलला अन् आकडे सुरू झाले तेव्हा साडेदहा वाजले होते, पहिली पावती आजोबांच्या ट्रॅक्टरची.

रांग संपल्यावर संध्याकाळी सोर्स डीकेएमएस ह्या लिनक्सच्या सोयीला जोडला, म्हणजे कर्नल बदललं की ड्रायव्हर आपोआप परत बांधला जाईल, अर्थात सोर्सच जुना पडला तर तेही हात टेकणार, म्हणून ह्यावेळी जुनं कर्नल पुसायचं नाही असं मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवून लिहिलंय. तीनदा रिस्टार्ट केलं अन् दर वेळी स्वतः काट्यावर जाऊन उभा राहिलो. तिन्हीदा ७०. खरं वजन ७३ आहे, पण तो काटा दहा-दहा किलोनीच मोजतो.