एमक्यू-९ चा सेन्सर ऑपरेटर होताना: माझा अनुभव

अमेरिकी हवाई दलात एमक्यू-९ रीपर या ड्रोनचा सेन्सर ऑपरेटर होण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व आणि अतिगोपनीय पातळीची सुरक्षा मंजुरी लागते. त्या मंजुरीचा एसएफ-८६ हा फॉर्म भरताना माझी जी ओढाताण झाली, तिची चीड अजूनही गेलेली नाही. माझ्या आईचे लग्नात आडनावाबरोबर स्वतःचे नावही बदलले, त्यामुळे तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरीच व्यक्ती दिसते. वडिलांची खरी जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्या पिढीतल्या असंख्य मुलांप्रमाणे गुरुजींनी त्यांचीही तारीख १ जून अशी लावून दिली. मागील ७ वर्षांत ज्या परदेशी नागरिकांशी जवळचा संबंध राहिला त्यांचीही माहिती द्यावी लागते, आणि साताऱ्याकडचे मामा, आत्या, चुलतभाऊ हे सगळे त्यातच मोडतात. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर माझेही नाव असल्याने तीही परदेशातील मालमत्ता ठरली. यातले प्रत्येक उत्तर मी फॉर्ममध्येच खुलाशासह लिहिले होते. तरीही तपासणी करणाऱ्या कार्यालयाने तेच प्रश्न लांब अंतराने, एकेक करून विचारले, आणि मधल्या काळात माझ्याबरोबरचे प्रशिक्षणार्थी पुढे निघून गेले. म्हणून मराठी घरातल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे की आईवडिलांचे शाळेचे दाखले, विवाह नोंदणीचा दाखला आणि सातबारा भरती होण्यापूर्वीच मागवून घ्या.

टेक्सासमधील रँडॉल्फ तळावरचा प्राथमिक अभ्यासक्रम सुरळीत पार पडला. न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर सिम्युलेटरमध्ये उजव्या खुर्चीत बसलो, तेव्हा वाट पाहिल्याचे सार्थक झाले. डावीकडे वैमानिक विमान सांभाळतो; कॅमेरा, इन्फ्रारेड आणि लेझर आपल्या हाती असतात. उपग्रहामार्गे येणारे चित्र क्षणभर मागे असते, त्यामुळे पडद्यावरच्या खुणेच्या मागे धावणारा हात लक्ष्याच्या पुढे निघून जातो. थोडे हलवावे, थांबावे, मगच पुन्हा हलवावे. पहाटे आणि संध्याकाळी जमीन व वस्तू यांचे तापमान जवळपास सारखे होते आणि इन्फ्रारेडमध्ये माणूसही पार्श्वभूमीत विरघळतो, हे पुस्तकात वाचून कळते, पण अंगवळणी सिम्युलेटरमध्येच पडते. प्रशिक्षक मध्येच ढग आणतात, संपर्क तोडतात. क्षेपणास्त्र सुटल्यानंतर ते पोहोचेपर्यंत लेझर लक्ष्यावर स्थिर धरणे ही आपली जबाबदारी असते, आणि त्या काही सेकंदांत चौकटीत एखादा वाटसरू शिरला तर ते तत्काळ मोठ्याने सांगणे ही त्याहून मोठी. हा सराव कितीही वेळा मिळाला तरी कमीच आहे, असे माझे ठाम मत आहे.

एक राहिले. भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःजवळ ठेवा, कारण मंजुरी मिळाल्यानंतरही सुट्टीत साताऱ्याला जायचे तर तो प्रवास आधी कळवावा लागतो, आणि त्या वेळी नावे व तारखा पूर्वीच्या नोंदींशी जुळाव्या लागतात.